डीएनएस बदलून कुठलं कुंपण ओलांडता येतं: अभ्यासिकेच्या वायफायच्या नोंदी

जागा: मंडळाची अभ्यासिका, कोपरखैरणे. जोडणी: स्थानिक केबलवाल्याची फायबर, २०० एमबीपीएसचा प्लॅन. नोंदी ठेवणारा: जानेवारी २०२०च्या व्हीआरएसमध्ये एमटीएनएलमधून बाहेर पडलेला, सध्या मंडळाचा बिनपगारी नेटवाला.

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

संध्याकाळी कोपऱ्यातल्या टेबलावरची आयटीवाली मुलगी लॅपटॉप घेऊन आली. गिटहबचं (प्रोग्रामचा कोड ठेवायची साइट) पान उघडतं, पण तिथल्या फाइली कच्च्या स्वरूपात जिथून येतात ते दुसरं डोमेन, म्हणजे साइटचं नाव, आहे, ते काही केल्या उघडत नाही. तिच्या प्रोजेक्टची इन्स्टॉल करायची स्क्रिप्ट तिथूनच येते. मोबाइलच्या नेटवर तीच फाइल दोन सेकंदांत आली. म्हणजे साइट जिवंत आहे, अडथळा आपल्या वायफायवर आहे.

शेजारचा तलाठी भरतीवाला मान वर न करता म्हणाला, "काका, डीएनएस बदला. आठ-आठ-आठ-आठ टाका. सगळं उघडतं."

या "सगळं"वर माझा विश्वास नाही. पण पोरांशी बोलल्यावर लक्षात आलं की त्यांना या एका बदलातून बरंच काही हवंय. बंद साइट उघडावी, रात्री दहानंतर व्हिडिओ अडकू नये, परदेशातली मॅच दिसावी. एकाला तर डेटाची मर्यादा संपल्यावर उतरलेला वेगही परत हवा होता. ठरवलं, एकेक करून तपासायचं आणि लिहून ठेवायचं.

माझ्या डोक्यात हे सगळं जुन्या भाषेत बसतं. डीएनएस ही साइटचं नाव सांगितलं की तिचा आकडी (आयपी) पत्ता देणारी सेवा, म्हणजे आमचं १९७, टेलिफोनची नंबर-चौकशी. नाव सांगा, नंबर मिळेल. १९७ वरच्या बाईंनी नंबर द्यायला नकार दिला, तर तो दुसऱ्या कुणाला विचारता येतो. पण एक्स्चेंजमध्ये तुमच्या लाइनवर एसटीडी बारिंग, म्हणजे बाहेरगावच्या फोनला बंदी, टाकलेलं असेल, तर नंबर तोंडपाठ असूनही पुण्याला फोन लागणार नाही. प्रश्न एवढाच, की आपल्याला कोण अडवतंय, १९७ की बारिंग?

बुधवार, ५ नोव्हेंबर

त्रिपुरी पौर्णिमेची सुट्टी, अभ्यासिका निम्मी रिकामी. कपाटातला जुना लिनक्सवाला लॅपटॉप काढला आणि केबलने थेट राउटरला जोडला. वायफायचे नखरे यात नकोत.

आधी कंपनीच्याच डीएनएसला त्या डोमेनचा पत्ता विचारला. उत्तर आलं १२७.०.०.१. हा ज्याचा त्याचा स्वतःचा पत्ता. "जोशींचा नंबर द्या" म्हटल्यावर तुम्हाला तुमचाच नंबर सांगावा, तसा प्रकार. ब्राउझर बिचारा स्वतःच्याच दारावर थाप मारत बसतो आणि शेवटी "साइटपर्यंत पोहोचता येत नाही" म्हणतो. कुठे सूचना नाही, कारण नाही. काही कंपन्या निदान "दूरसंचार विभागाच्या निर्देशानुसार बंद" अशी पाटी दाखवतात. आमच्याकडे तेवढंही सौजन्य नाही.

मग लॅपटॉपचं डीएनएस बदलून ८.८.८.८ केलं. गूगलची ही सेवा डिसेंबर २००९ पासून सुरू आहे, आकडा लक्षात राहतो म्हणून पोरांच्या तोंडी तीच. लॅपटॉपने लक्षात ठेवलेली जुनी उत्तरं (कॅश) पुसली, पुन्हा विचारलं.

१२७.०.०.१.

क्लाउडफ्लेअरचं १.१.१.१, क्वाड९चं ९.९.९.९, ओपनडीएनएसचं २०८.६७.२२२.२२२ असे सगळे विचारून झाले. प्रत्येकाचं उत्तर तेच, अगदी अक्षर न अक्षर. चार वेगळ्या कंपन्या एकच चुकीचं उत्तर देतील? तलाठी भरतीवाला म्हणाला, "मग गूगलनेच बंद केलं असेल." मुलगी हसली. "मोबाइलवर गूगलचंच डीएनएस आहे माझ्या, तिथे चालतंय ना!"

गुरुवार, ६ नोव्हेंबर

रात्री झोप लागेना, तेव्हा सुचलेली चाचणी. सौ. म्हणाली, निवृत्त झालात ना? झालो, पण सवय जात नाही.

आयपी पत्त्यांमध्ये काही पट्टे केवळ पुस्तकांतल्या उदाहरणांसाठी राखून ठेवलेले आहेत. १९२.०.२ ने सुरू होणारा त्यातला एक. जगात त्या पत्त्यावर कुठलंही यंत्र नाही, असता कामा नये. सकाळी अभ्यासिकेत येऊन १९२.०.२.१ ला पिंग केलं, म्हणजे "आहेस का?" अशी हाक मारली. शांतता, अपेक्षेप्रमाणे. मग त्याच पत्त्याला डीएनएसचा प्रश्न विचारला.

चार मिलिसेकंदांत उत्तर आलं. १२७.०.०.१.

जिथे माणूसच राहत नाही, त्या घरातून फोन उचलला गेला आणि पलीकडचा आवाज ओळखीचा निघाला. म्हणजे ५३ क्रमांकाच्या पोर्टवर, डीएनएसच्या ठरलेल्या दारावर, जाणारा प्रत्येक प्रश्न, पाकिटावर पत्ता कुणाचाही असो, कंपनीचं यंत्र वाटेतच उचलतं. स्वतः उत्तर देतं आणि पाकिटावर "प्रेषक: ८.८.८.८" असा शिक्का मारून परत पाठवतं. मी चार वेगळ्या लोकांना विचारलंच नव्हतं. चारही वेळा त्याच बाईंशी बोललो होतो.

खात्रीसाठी आणखी एक. गूगलचं एक चाचणीचं नाव आहे, ते विचारलं की ज्या डीएनएस सर्व्हरने प्रश्न पोचवला त्याचाच पत्ता परत मिळतो. ८.८.८.८ ला विचारल्यावर गूगलचा पत्ता यायला हवा. आमच्याकडे आला केबलवाल्याच्या वरच्या कंपनीचा.

दुपारी गंमत कळली. तोच प्रश्न नेहमीच्या यूडीपीऐवजी टीसीपीने (पाकिटं पाठवायची दुसरी पद्धत) पाठवला, तर ८.८.८.८ खरं उत्तर देतं! पकडणाऱ्याने एकाच दारावर माणूस बसवलाय. पण रोजच्या वापरात ब्राउझर प्रश्न यूडीपीनेच टाकतात, त्यामुळे याचा व्यवहारात उपयोग शून्य.

मार्च २०१४ मध्ये तुर्कीने ट्विटर बंद केलं, तेव्हा इस्तंबूलच्या भिंतींवर लोकांनी ८.८.८.८ रंगवलं होतं. काही दिवस त्याने काम भागलं. मग तिथल्या कंपन्यांनी गूगलच्या त्या पत्त्याकडे जाणारा रस्ताच आपल्याकडे वळवला आणि गूगलच्या नावाने स्वतः उत्तरं द्यायला लागल्या. आमच्याकडची पद्धत वेगळी, पण कल्पना तीच. भिंतीवरचा आकडा बरोबर होता, त्या आकड्याला फोन लावल्यावर बोलत होतं दुसरंच कुणी.

शनिवार, ८ नोव्हेंबर

उपाय प्रश्न बंद पाकिटात घालण्याचा. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली, तेव्हापासून हे प्रश्न पोस्टकार्डावर जातात, वाटेतला कुणीही वाचू शकतो, खोडू शकतो. बंद पाकिटाच्या दोन रीती रुळल्या आहेत. एकीत प्रश्न कूटबद्ध करून ८५३ या वेगळ्या पोर्टवरून जातो. अँड्रॉइडच्या ९ व्या आवृत्तीपासून फोनमध्ये "प्रायव्हेट डीएनएस" म्हणून जी सोय आहे ती हीच. दुसरीत, जिचं मानक २०१८ मध्ये आलं, प्रश्न साध्या सुरक्षित वेबपानासारखा ४४३ वरून जातो. पहिली अडवणं सोपं आहे, एक पोर्ट बंद केलं की झालं. दुसरी बँक, ईमेल आणि बाकी सगळ्याच्या गर्दीत मिसळून जाते. सकाळी आठच्या ठाणे लोकलमधून एक माणूस वेचून उतरवण्यासारखं आहे ते.

फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये दुसरी रीत चालू केली. सर्वांत कडक पर्याय निवडला, म्हणजे जमलं नाही तर गुपचूप जुन्या रीतीवर परतायचं नाही. डोमेन टाकलं, फाइल उघडली. मुलीने माझ्यासमोर स्क्रिप्ट चालवली आणि पाच मिनिटांत आपल्या टेबलावर परतली. आभार वगैरे काही नाही, थेट कामाला. बरं वाटलं.

म्हणजे पहिल्या तक्रारीचं उत्तर असं: डीएनएस बदलून उपयोग झाला नाही, डीएनएसला जाणारी वाट झाकल्यावर झाला. जिथे कंपनी प्रश्न पकडत नाही, तिथे नुसतं ८.८.८.८ पुरेल. आपल्याकडे नाही पुरत. म्हणून आधी १९२.०.२.१ ला विचारून बघायचं, मग खटाटोप.

रविवार, ९ नोव्हेंबर

आज यंत्रांना हात लावला नाही, वाचन केलं. हे डोमेन बंद का असावं?

आपल्याकडे साइट बंद करण्याच्या मुख्य वाटा दोन. एक माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९अ आणि त्याखालचे २००९ चे नियम. दुसरी न्यायालयाचे आदेश, बहुतेक चित्रपट आणि क्रिकेटच्या चोरट्या प्रक्षेपणांविरुद्धचे. २००९ च्या नियमांतला सोळावा नियम गोपनीयतेचा आहे, त्यामुळे आदेश कुणाचा आणि कशासाठी हे सामान्य ग्राहकाला सहसा कळतच नाही. आणि आदेश अमलात कसा आणायचा, डीएनएसमध्ये खोटं बोलून की आणखी कसं, हे कंपनी आपलं आपण ठरवते. बंगळुरूच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीच्या संशोधकांनी सहा मोठ्या सेवादारांच्या जोडण्या तपासून २०२० मध्ये निष्कर्ष मांडले. प्रत्येकाची पद्धत वेगळी, आणि बंद साइटींच्या याद्याही एकमेकांशी जुळत नाहीत. देश एक, आदेश एक, तरी माझ्याकडे बंद आणि शेजाऱ्याकडे चालू, हे त्यामुळेच.

चुकून किंवा ढोबळपणे बंद झालेल्यांची यादीही लहान नाही. डिसेंबर २०१४ मध्ये ३२ साइटी बंद करण्याच्या आदेशात अख्खं गिटहब सापडलं होतं. ऑगस्ट २०१७ मध्ये एका न्यायालयीन आदेशात इंटरनेट आर्काइव्ह. २०२२ मध्ये व्हीएलसी प्लेअरची मूळ साइट कित्येक महिने बंद होती, ती नोव्हेंबरमध्ये मोकळी झाली. व्हीएलसी! ज्यावर आमच्या मंडळाने गणपतीच्या पंधरा वर्षांच्या आरत्या वाजवल्या.

मी वकील नाही. पण न्यायालयाने सिनेमाचोरी थांबवायला बंद केलेली साइट आणि गठ्ठ्यात चिरडलेली कोडची फाइल, या दोन गोष्टी मला वेगळ्या वाटतात. मंडळाच्या नावावरची जोडणी आहे. पहिल्या प्रकारासाठी मी इथे काही बसवून देणार नाही, हे पोरांना सांगून टाकलं. दोघांची तोंडं पडली.

बुधवार, १२ नोव्हेंबर

आज माझा स्वतःचा स्वार्थ. एका जुन्या टेलिफोनमधल्या चिपचं माहितीपत्रक हवं होतं, ते एका परदेशी फाइल-साठ्यावर कुणीतरी ठेवलंय. ती साइटही आपल्याकडे उघडत नाही. फायरफॉक्समध्ये बंद पाकिटवालं डीएनएस चालू होतंच. तरी नाही.

यावेळी पत्ता बरोबर मिळतोय, मोबाइलवर मिळतो तोच. जोडणीही सुरू होते, सर्व्हर "बोला" म्हणतो. आपण पहिलं वाक्य उच्चारलं की खटकन लाइन तुटते. दर वेळी त्याच जागी.

ते पहिलं वाक्य म्हणजे सुरक्षित जोडणीचा नमस्कार. त्यात आपण कुठल्या साइटकडे आलोय ते नाव उघडं लिहिलेलं असतं, कारण एकाच पत्त्यावर शेकडो साइटी राहतात आणि कुणाचं प्रमाणपत्र दाखवायचं हे सर्व्हरला आधी कळावं लागतं. बाकी सगळं संभाषण कुलुपात, हे नाव तेवढं बाहेर. वाटेतलं यंत्र तेच वाचतंय.

पडताळा दोन प्रकारे घेतला. त्याच आयपी पत्त्याला जोडणी लावली, पण नमस्कारात दुसरंच निरुपद्रवी नाव लिहिलं. लाइन तुटली नाही, सर्व्हरने भलतंच प्रमाणपत्र दाखवलं पण बोलला. मूळ नाव लिहिलं की तुटली. मग वायरशार्कमध्ये पाकिटं पाहिली. प्रत्येक पाकिटावर टीटीएल नावाचा आकडा असतो, तो वाटेतल्या दर राउटरपाशी एकने घटतो. सर्व्हरच्या खऱ्या पाकिटांवर ४८ होता. लाइन तोडणाऱ्या पाकिटावर ६१. सुरुवात ६४ पासून धरली तर तोडणारा आपल्यापासून तीनच उड्या दूर बसलाय आणि सर्व्हरच्या नावाने सही करतोय.

हे बारिंग. इथे १९७ बदलून काही होत नाही, कारण १९७ने नंबर बरोबरच दिला होता.

मुलीने विचारलं, "पण काका, ते नावही झाकायची सोय आली ना आता?" आली आहे. ईसीएच म्हणतात, नमस्कारच कूटबद्ध करायचा. फायरफॉक्स आणि क्रोम दोन्हींत २०२३ पासून आहे. त्यासाठी लागणारी किल्ली डीएनएसमधूनच मिळते, त्यामुळे डीएनएस झाकलेलं नसेल तर तिचाही उपयोग नाही. पण साइटनेही ती सोय केलेली हवी. क्लाउडफ्लेअर पुष्कळ साइटींच्या दारात मध्यस्थ म्हणूनही उभी असते, तिच्यामागच्या पुष्कळ साइटींकडे आहे, माझ्या चिपवाल्या साठ्याकडे नाही. रशियाने नोव्हेंबर २०२४ पासून क्लाउडफ्लेअरच्या ईसीएच जोडण्याच तोडायला सुरुवात केली, म्हणजे हाही उपाय कायमचा हुकमी नव्हे.

माहितीपत्रक मोबाइलवर उतरवलं. चिप जळालेली निघाली, ते वेगळं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

बाकीच्या अपेक्षा आज एका बैठकीत निकालात.

परदेशातली मॅच: नाही. दाखवणारा तुमचा आयपी पत्ता पाहून देश ओळखतो, आणि डीएनएस बदलून आयपी बदलत नाही. "स्मार्ट डीएनएस" नावाने पैसे घेऊन हे करून देणारे असतात, ते खरं तर ठरावीक साइटींच्या नावाला आपल्याच मधल्या सर्व्हरचा पत्ता देतात. काम तो मधला सर्व्हर करतो, डीएनएस फक्त बोट दाखवतं. डेटा संपल्यावर उतरलेला वेग: नाही, ती मोजणी कंपनीच्या यंत्रावर लाइनीची होते, नावाची नव्हे. रात्री दहाची घुसमट: नाही. घरातला कॅमेरा बाहेरून बघायचा होता एकाला, तेही नाही. अनेक गिऱ्हाइकांना एकच बाहेरचा पत्ता वाटून दिलाय, त्याला डीएनएस काय करणार!

वेगाबद्दल एक उलटी गोष्ट मात्र सापडली. मोठे व्हिडिओवाले आपल्या फाइलींच्या प्रती जागोजागी ठेवतात, काही तर कंपन्यांच्या आवारातच. तुम्हाला कुठली प्रत द्यायची हे पुष्कळदा कुठल्या डीएनएसने विचारलं त्यावरून ठरतं. कंपनीचं डीएनएस विचारेल तर बाजूच्या खोलीतली प्रत मिळेल, परक्याने विचारलं तर कदाचित लांबची. गूगलचं डीएनएस गिऱ्हाइकाच्या पत्त्याचा काही भाग पुढे कळवतं, क्लाउडफ्लेअरचं खासगीपणासाठी कळवत नाही. आमच्याकडे फरक डोळ्याला जाणवण्याइतका पडला नाही. ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरांच्या अंगणात राहण्याचा तेवढा फायदा.

रविवार, १६ नोव्हेंबर

प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये जाऊन सेटिंग बदलणं शक्य नाही, म्हणून मधे एक छोटं यंत्र: घरात पडून असलेलं रास्पबेरी पाय. त्यावर अनबाउंड, डीएनएसचं काम करणारा प्रोग्राम. अभ्यासिकेतली सगळी यंत्रं साधा प्रश्न पायला विचारतील, पाय तो ८५३ वरून कूटबद्ध करून पुढे पाठवेल. काही प्रश्न क्वाड९ला, काही क्लाउडफ्लेअरला. एकावर विसंबायचं नाही, याच जुलैत क्लाउडफ्लेअरचं १.१.१.१ तासभर जगभर बंद पडलं होतं.

आधी एक मोह टाळला. अनबाउंड कुणालाही न विचारता थेट जगाच्या मूळ सर्व्हरांपासून उत्तर शोधू शकतं. ऐकायला स्वावलंबी, पण ते प्रश्न पुन्हा पोस्टकार्डावर, ५३ वरून. आमच्याकडे ते सगळे त्या बाईंकडेच जाणार.

दोन तास वाया गेले ते भलत्याच कारणाने. पाय एकही उत्तर देईना. शेवटी पाहिलं तर त्याच्या घड्याळात २०२३ साल. त्यात बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं, बंद केलं तेव्हाची वेळ धरून तो उठतो. समोरचं प्रमाणपत्र २०२५ चं, हा म्हणतो अजून लागूच झालं नाही, खोटं असणार. वेळ दुरुस्त करायला वेळ-सर्व्हरचं नाव शोधावं लागतं, आणि नाव शोधायला आधी वेळ बरोबर हवी! वेळ-सर्व्हर नावाऐवजी आकड्याने लिहून टाकला. सुटलं.

कोणाला सांगतोय आपण आपले प्रश्न, हेही लिहून ठेवतो. आतापर्यंत केबलवाल्याला कळत होतं कोण काय शोधतंय, आता परदेशातल्या संस्थेला. क्लाउडफ्लेअर म्हणतं नोंदी २५ तासांत पुसतो. क्वाड९ ही स्वित्झर्लंडमधली ना-नफा संस्था आहे. आणि तेही न्यायालयांच्या पलीकडे नाहीत. २०२४ मध्ये फ्रान्सच्या न्यायालयाने फुटबॉलच्या चोरट्या साइटींसाठी गूगल, क्लाउडफ्लेअर आणि सिस्को यांनाच डीएनएसमध्ये ती नावं अडवायला लावलं. सिस्कोने त्यावर आपलं ओपनडीएनएस फ्रान्समधून काढूनच घेतलं. पर्यायी १९७लाही कुणाची तरी बजावणी लागू होतेच.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

पाय बसवून दोन दिवस झाले आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास अर्धी अभ्यासिका माझ्या टेबलाभोवती. चॅटजीपीटी बंद, एक्स बंद, नोट्सची साइट बंद. "काका, तुमच्या डब्याने घोळ केला." मलाही तेच वाटलं. पाय काढला, जुनं डीएनएस लावलं, तरी तेच. मग पान नीट वाचलं, त्यावर ५०० क्रमांकाची त्रुटी आणि क्लाउडफ्लेअरचं नाव. नावं विचारली तर पत्ते मिळत होते, पत्त्यावरचा माणूस आजारी होता. रात्री आठ-साडेआठपर्यंत बहुतेक साइटी परतल्या. क्लाउडफ्लेअरच्या आतल्याच बिघाडाने जगभर झालं हे.

पाय परत बसवला. पण पोरांच्या मनातला संशय गेलेला नाही. आता लाइट गेली तरी डब्याचं नाव येतं.

रविवार, २३ नोव्हेंबर

या वेळी मात्र खरंच डब्याची चूक, म्हणजे माझी.

सकाळपासून नेट बंद. फायबरचा दिवा हिरवा, राउटर ठीक. दोन तासांनी लाइनमन पोरगा आला, मोबाइल जोडला आणि हसला.

"काका, प्लॅन संपलाय. पैसे भरायचं पान येत नाही का?"

नव्हतं येत. प्लॅन संपला की कंपनी सगळ्या नावांना आपल्या पैसे भरायच्या पानाचा पत्ता देते, बाकी वाटा बंद. आमचा पाय ८५३ वरून बाहेर जाण्याची वाट बघत ताटकळलेला. कंपनीचं सोयीचं खोटंसुद्धा आपण अडवलं होतं. हॉटेलच्या, रेल्वे स्टेशनच्या वायफायवर प्रायव्हेट डीएनएसवाल्या फोनांचं हेच होतं, लॉगिनचं पान उगवतच नाही.

चहा मागवून त्याला १९२.०.२.१ ची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "आमच्या हातात काही नाही हो. यादी वरून येते, डीएनएस वरच्या कंपनीचं. आम्ही वायर ओढतो आणि पैसे गोळा करतो." मग थोडं थांबून: "पण त्या गिटहबची तक्रार लेखी द्या, मी पुढे ढकलतो. अजून दोन आयटीवाल्यांनी सांगितलंय." लेखी दिली. डोमेनचं नाव, तारीख, चाचण्यांचे निकाल, दीड पान. आमच्या काळी १९८ वर बिघाड नोंदवला की नंबर तरी मिळायचा, इथे पोराने कागदाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

सचिवांचा फोन. "अहो, तुम्ही ते यंत्र बसवलंय ना, त्यातून जुगाराच्या जाहिराती आणि रील बंद करता येतील का? पालक बोलतात." येतात. पायवर एक यादी टाकली, त्या नावांना ०.०.०.० असं, म्हणजे कुठेच न जाणारं, उत्तर. अर्ध्या तासाचं काम. सचिव खूश.

संध्याकाळी तलाठी भरतीवाला खुशाल रील बघत होता. फोनमध्ये प्रायव्हेट डीएनएस. मीच तीन आठवडे त्यांच्यासमोर शिकवलेलं! "काका, ८५३," म्हणाला, आणि डोळा मारला.

घरी जाताना विचार करत होतो. अडवायचंय तर मला काय करावं लागेल? राउटरवर ५३ चे सगळे प्रश्न, ८.८.८.८ चे सुद्धा, पकडून पायकडे वळवायचे. ८५३ बंद करायचं. ब्राउझरवाल्या रीतीसाठी माहीत असलेल्या सर्व्हरांचे पत्ते अडवायचे. तरी कुणी निसटलंच तर नमस्कारातलं नाव वाचायचं. पायरी पायरीने मी त्या वरच्या कंपनीच्या खुर्चीत जाऊन बसत होतो. आणि मग मोबाइल डेटा आहेच, त्याला मी काय करणार?

रविवार, ३० नोव्हेंबर

मंडळाच्या बैठकीत ठरलं ते असं. जुगाराच्या जाहिरातींची यादी पायवर राहील, अभ्यासिकेच्या चार संगणकांपुरती. पोरांच्या फोनवर काही लादायचं नाही, ५३ पकडायचं नाही. रीलचं काय ते पालकांनी आणि पोरांनी बघावं. भिंतीवर सूचना लावली की वायफायवर काय अडवलंय आणि कुणाच्या सांगण्यावरून. सचिव म्हणाले, सूचनेची काय गरज? मी म्हटलं, पाटी न लावता अडवलेलं काय वाटतं ते मला या महिन्यात कळलंय. खाली माझी सही, मोबाइल नंबर.

पैसे भरायच्या पानासाठी पायला अपवाद घातला, कंपनीच्या त्या एका नावापुरता तो साध्या रीतीने विचारतो. पुढच्या महिन्याच्या २० तारखेची आठवणही फोनमध्ये लावली.

गुरुवार, ४ डिसेंबर

सकाळी सवयीने लॅपटॉप थेट राउटरला लावला, पाय बाजूला ठेवून. कंपनीच्या डीएनएसला गिटहबच्या त्या डोमेनचा पत्ता विचारला. खरा पत्ता आला. चारदा विचारला, चारदा खरा. तक्रारीमुळे की आपोआप, कुणी कळवलं नाही. लाइनमनला विचारलं तर म्हणाला, "चालू झालं का? बरं झालं."

चिपवाला फाइल-साठा अजून नमस्कारालाच तुटतो, टीटीएल ६१.

लॅपटॉप बंद करण्याआधी १९२.०.२.१ लाही तोच प्रश्न टाकला. चार मिलिसेकंदांत उत्तर आलं. या खेपेला बरोबर पत्ता सांगितला.